शरणपूर ते राबाई

लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीत झाडाच्या खोडाचा एक तुकडा जपून ठेवलेला आहे. त्यावर चाकूनं अक्षरं कोरलेली आहेत: डॉ. लिव्हिंगस्टन, ४ मे १८७३, आणि खाली त्यांच्या आफ्रिकी सोबत्यांची नावं. आजच्या झांबियातल्या चितांबो गावात या झाडाखाली लिव्हिंगस्टनचं हृदय पुरलं गेलं. पुरताना प्रार्थना म्हणणारे आणि खोडावर ही अक्षरं कोरणारे जेकब वेनराइट हे त्या सगळ्या तांड्यात वाचण्या-लिहिण्यात तरबेज होते. त्यांचं शिक्षण नाशिकला झालं होतं. शरणपुरात.

लिव्हिंगस्टनच्या प्रत्येक चरित्रात ‘नासिक बॉइज’ असा उल्लेख येतो. चरित्रकार तो करतात आणि तांड्याबरोबर पुढे निघून जातात. मला मात्र त्या दोन शब्दांवरून पुढे जाता आलं नाही. शरणपूर रोड नाशिककरांच्या रोजच्या बोलण्यातला. त्या रस्त्याच्या नावात जे गाव आहे, तिथून निघालेली मुलं थेट टांगानिकाच्या काठावर कशी पोचली, हा प्रश्न गेली कित्येक वर्षं माझ्या मनात घर करून आहे. त्याच्या मागोमाग दुसरा आला. या मुलांना ज्यानं शिकवलं, त्या माणसाची आणि त्यांची पुढे कधी गाठ पडली का? पडली. एकदा नव्हे, तीनदा पडली. आणि दर खेपेला गुरू-शिष्यांतलं नातं आधीच्या खेपेसारखं राहिलेलं नव्हतं. हा लेख मुख्यतः त्या तीन भेटींचा आहे.

मराठी इतिहासात आफ्रिकी माणूस भेटतो तो मलिक अंबर म्हणून, नाहीतर जंजिऱ्याचा सिद्दी म्हणून. त्यांच्यावर आपण भरभरून लिहिलं. शरणपूरच्या मुलांकडे ना किल्ला होता ना आरमार, म्हणून ती आपल्या इतिहासलेखनातून निसटली. ही उणीव मला फार खुपते, कारण या मुलांनी जे केलं ते कुठल्याही किल्लेदाराच्या तोडीचं आहे.

ती इथवर आली कशी, ते थोडक्यात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून अरबस्तान आणि इराणी आखाताकडे गुलामांची गलबतं जात. ब्रिटिश आरमाराची जहाजं ती अडवत. गलबत पकडलं, माणसं सुटली, पण त्यांना न्यायचं कुठं? आतल्या मुलखातून ओढून आणलेल्या पोरांना गावाचं नाव सांगता आलं तरी तिथवर पोचवणारं कोणी नव्हतं. मग काहींना एडनला, काहींना मुंबईला उतरवलं जाई. मुंबईत चर्च मिशनरी सोसायटीचे चार्ल्स आयझेनबर्ग या मुलांची काळजी घेत. आयझेनबर्ग जर्मन होते, पूर्वी इथिओपियात राहिलेले, आम्हारी भाषेचं व्याकरण आणि कोश रचणारे. १८६० च्या सुमारास मुंबईचं हे आफ्रिकी आश्रयस्थान नाशिकला, शरणपुरात हलवलं गेलं.

शरणपूर वसवलं ते विल्यम सॉल्टर प्राइस यांनी, १८५४ मध्ये, नाशिक शहराच्या पश्चिमेला. मिशनचं काम नाशकात १८३२ पासून चालू होतं. पण धर्म बदललेल्या माणसाचं घर सुटायचं, पाणवठा सुटायचा आणि बहुतेक वेळा पोटापाण्याचा उद्योगही सुटायचा. प्राइस यांनी त्यावर काढलेला तोडगा म्हणजे हे गाव. जमीन, विहीर, शाळा, सुतारकाम आणि लोहारकाम. मराठी बोलणारी मंडळी आणि त्यांच्यात वाढणारी आफ्रिकी पोरं असं हे गाव होतं. १८८३ च्या नाशिक जिल्हा गॅझेटियरनंही त्याची नोंद घेतली आहे.

मुलांना नावं दिली गेली ती पाहण्यासारखी आहेत. सायमन प्राइस, रिचर्ड आयझेनबर्ग, कॅरस फरार. शिक्षकांची आणि जुन्या मिशनऱ्यांची आडनावं त्यांच्या नावांमागे लागली. चेंगविंबे नावाचा याओ जमातीचा एक मुलगा होता, तो मॅथ्यू वेलिंग्टन झाला. आईबापांनी ठेवलेलं नाव पुसून वेलिंग्टनचं नाव द्यावं, हे मला पटत नाही. पण एवढंही म्हणावं लागतं की याच नावांमुळे आज आपण त्यांचा माग काढू शकतो. गलबतात दगावलेल्या हजारोंची कुठलीच नावं उरलेली नाहीत.

मुख्य गोष्टीकडे वळण्याआधी मुंबईतली एक भेट सांगायला हवी.

१८६४ च्या जूनमध्ये लिव्हिंगस्टन ‘लेडी न्यासा’ ही आपली छोटी आगबोट झांझिबारहून हाकत मुंबईला घेऊन आले. खलाशांत चुमा आणि विकाटानी ही दोन पोरं होती. १८६१ मध्ये गुलामांच्या एका साखळीतून ती सोडवली गेली होती. बोट विकायची होती आणि स्वतःला इंग्लंडला जायचं होतं, म्हणून लिव्हिंगस्टननी ही दोन पोरं डॉ. जॉन विल्सन यांच्या हवाली केली. हे विल्सन म्हणजे ज्यांच्या नावानं आज विल्सन कॉलेज आहे ते. पुढच्या वर्षी सप्टेंबरात लिव्हिंगस्टन परत आले, तेव्हा दोघंही मुंबईच्या शाळेत शिकत होती. त्या डिसेंबरात विल्सननी त्यांना बाप्तिस्मा दिला आणि जानेवारी १८६६ मध्ये ती लिव्हिंगस्टनबरोबर आफ्रिकेला निघाली. सोबत शरणपूरचे नऊ तरुण होते. गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी ‘थूल’ हे जहाज झांझिबारच्या सुलतानाला भेट म्हणून धाडलं, त्याच जहाजातून ही मंडळी गेली.

या नवांबद्दल लिव्हिंगस्टनच्या रोजनिशीत तक्रारी फार आहेत. आळशी आहेत, कुरकुर करतात, वगैरे. लिव्हिंगस्टनबद्दल मला आदर आहे, पण या तक्रारी वाचताना मी त्यांच्या बाजूनं कधीच उभा राहू शकलो नाही. कारण त्याच रोजनिशीत, त्याच वर्षीच्या पानांत अब्राहमची हकीकत आहे. याओंच्या मुलखात माताका सरदाराच्या गावी तांडा थांबला असताना नाशिकच्या अब्राहमला गर्दीत आपला मामा भेटला. मामानं सांगितलं की तुला पळवून नेल्यानंतर तुझी आई आणि दोन बहिणी यांनाही विकलं. मामानं राहायचा आग्रह केला, लिव्हिंगस्टननीही सांगून पाहिलं. अब्राहम राहिला नाही. घर म्हणावं असं काही तिथं उरलंच नव्हतं. तो तांड्याबरोबर पुढे चालू लागला. अशा माणसानं वाटेत कुरकुर केली असेल, तर त्याबद्दल तक्रार कोणी करावी?

विकाटानी मात्र त्याच वर्षी आपल्या नातलगांजवळ थांबला. चुमा शेवटपर्यंत राहिला.

लिव्हिंगस्टनचा शेवट सर्वांना ठाऊक आहे. १८७२ मध्ये शरणपूरहून आणखी काही तरुण गेले. जेकब वेनराइट, जॉन वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन आणि कॅरस फरार हे त्यांतलेच. मे १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन गेले. मग लिव्हिंगस्टनचा सोबती सुसी, चुमा आणि ही मंडळी यांनी देह मीठ लावून उन्हात वाळवला, झाडाच्या सालीत आणि कापडात गुंडाळला आणि सुमारे नऊ महिने चालत बागामोयोच्या किनाऱ्यावर आणला. वाटेत लिव्हिंगस्टनच्या मदतीला निघालेले लेफ्टनंट कॅमेरॉन भेटले. त्यांनी सल्ला दिला की इथंच पुरा. या लोकांनी नकार दिला. पुढे वाटेतल्या गावांनी मृतदेह अडवू नये म्हणून त्यांनी काठ्यांचं एक गाठोडं प्रेत म्हणून मागे धाडल्याचा देखावा केला आणि खरा देह कापडाच्या गठ्ठ्यासारखा बांधून पुढे काढला. झांझिबारच्या हंगामी ब्रिटिश वकिलानं त्यांचा पगार चुकता केला आणि त्यांना रजा दिली. ते काम तेवढ्यावर मिटलं असं त्या कचेरीला वाटलं.

चर्च मिशनरी सोसायटीनं तिकीट काढलं म्हणून जेकब वेनराइट देहासोबत इंग्लंडला पोचले. शवपेटीजवळ बसलेले जेकब, असं एक छायाचित्र त्या प्रवासातलं आहे. १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर ॲबेत पेटीच्या मानकऱ्यांत स्टॅन्ली आणि कर्क यांच्या बरोबरीनं जेकब होते. सुसी आणि चुमा यांना अंत्यविधीला कोणी बोलावलंच नाही. ती दोघं नंतर आली, लिव्हिंगस्टनचे मित्र जेम्स यंग यांच्या खर्चानं. त्यांना ठेवून घेतलं होरेस वॉलर यांनी, नॉर्थॅम्प्टनशरमधल्या ट्वायवेल गावी. वॉलर १८६१ मध्ये मागोमेरोच्या मिशनवर होते. साखळीतून सुटलेला चुमा तेव्हा पोरगा होता आणि त्याला सांभाळणाऱ्यांत वॉलर होते. तेरा वर्षांनी तोच चुमा समोर बसून लिव्हिंगस्टनच्या डायरीतले अडलेले उल्लेख वॉलरना उलगडून सांगत होता. ‘लास्ट जर्नल्स’ हा ग्रंथ त्यातून तयार झाला. संपादक म्हणून नाव आलं ते वॉलर यांचं.

जेकब यांनीही त्या प्रवासाची स्वतःची रोजनिशी ठेवली होती. इंग्रजीत, स्वतःच्या हातानं. १८७४ मध्येच तिचं जर्मन भाषांतर छापलं गेलं. मूळ हस्तलिखित स्कॉटलंडमध्ये ब्लँटायरच्या लिव्हिंगस्टन जन्मस्थान संग्रहालयात आहे आणि ते २०१९ मध्ये ‘लिव्हिंगस्टन ऑनलाइन’ या प्रकल्पानं सर्वांसाठी खुलं केलं. लिव्हिंगस्टनच्या मृत्यूविषयी त्यांच्याबरोबर असलेल्या आफ्रिकी माणसानं स्वतः लिहिलेलं एवढं एकच हस्तलिखित तिथं उपलब्ध आहे. कॅरस फरार यांचं निवेदनही पुढे १९५० मध्ये ‘युगांडा जर्नल’मध्ये छापून आलं. त्या मृत्यूची प्रत्यक्षदर्शी हकीकत सांगणारे हे दोघंही शरणपूरचे विद्यार्थी होते.

आता प्राइस यांच्याकडे येऊ.

बार्टल फ्रिअर मुंबईचे गव्हर्नर असताना त्यांना नाशिकच्या आश्रयस्थानाची माहिती झाली होती. १८७२ च्या अखेरीला गुलामांच्या व्यापारावर बंदी घालणारा करार झांझिबारच्या सुलतानाकडून करून घेण्यासाठी त्यांना पाठवलं गेलं. करार झाल्यावर प्रश्न उभा राहिला: सुटलेले लोक ठेवायचे कुठं? फ्रिअर यांनी शरणपूरकडे बोट दाखवलं. किनाऱ्यावरच तसंच गाव वसवा आणि नाशकात शिकलेल्या आफ्रिकी लोकांना त्यासाठी आणा, असं त्यांचं म्हणणं. चर्च मिशनरी सोसायटीनं प्राइस यांनाच त्या कामावर धाडलं. नोव्हेंबर १८७४ मध्ये ते मोंबासाला उतरले.

ही पहिली भेट. तिथं त्यांचे विद्यार्थी आधीच होते. ही गोष्ट मिशनच्या इतिहासात एखाद्या ओळीत येऊन जाते, पण माझ्या दृष्टीनं सगळ्या कथेचं मर्म तिच्यात आहे. विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर १८६४ मध्येच शरणपूरहून मोंबासाजवळच्या राबाईला गेले होते. जॉर्ज डेव्हिडही तिथंच कामाला लागले होते. राबाईत त्या वेळी योहानेस रेबमान एकटे होते. किलिमांजारोचं बर्फ १८४८ मध्ये पाहणारे पहिले युरोपीय ते हेच. त्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती. अनेक वर्षांच्या कष्टांत राबाईची मंडळी मूठभरही झालेली नव्हती. दहा वर्षं ते काम हाती धरून ठेवलं ते नाशिकच्या या मंडळींनी. प्राइस येऊन राबाईच्या उंचवट्यावर चढले तेव्हा तिथली भाषा, माणसं, कोणत्या गावाशी कोणाचं वैर आणि पाणी कुठं मिळतं, हे सगळं त्यांना विद्यार्थ्यांकडून समजून घ्यावं लागलं. नाशकात ज्यांना मुळाक्षरं गिरवायला लावली, त्यांच्यापुढे आता प्राइस हे नवशिके होते.

पुढच्या वर्षी मोंबासा बेटासमोर जमीन विकत घेतली गेली आणि तिथं वसाहत उभी राहिली. फ्रिअर यांच्या नावानं तिला फ्रिअरटाउन म्हणू लागले. जेकब वेनराइटही काही काळ तिथं राहिले. शरणपूरचं आफ्रिकी आश्रयस्थान बंद झालं आणि सुमारे दीडशे आफ्रिकी बाया-माणसं-पोरं तिथून मोंबासाला आली. केनियाच्या इतिहासात त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणतात. ती सुतार होती, लोहार होती, शिक्षक होती. नव्यानं सुटलेले लोक किनाऱ्यावर यायचे तेव्हा त्यांना घर बांधायला शिकवणारी हीच माणसं होती. प्राइस १८७६ मध्ये परतले.

त्यांच्यामागे काय झालं ते झपाट्यानं सांगून मोकळं होतो, कारण ते वाचायला त्रास होतो. वसाहत चालवायला सोसायटीनं एका गोऱ्या अधीक्षकाची, स्ट्रीटर यांची नेमणूक केली. त्यांच्या अमदानीत माणसांना फटके मारणं, कोंडून ठेवणं सुरू झालं. गुलामीतून सोडवलेल्यांना आश्रयस्थानातच चाबूक. १८८१ मध्ये ब्रिटिश वकिलातीनं चौकशी केली, बोभाटा झाला, आणि ते निस्तरायला सोसायटीनं पुन्हा प्राइस यांनाच पाठवलं. ही दुसरी भेट. वसाहतीतली माणसं त्या वेळी ज्याच्यावर विश्वास ठेवतील असा गोरा माणूस तोच होता, यात प्राइस यांची थोरवी आहे. पण माणूस बदलला की चाबूक थांबतो आणि पुन्हा बदलला की सुरू होऊ शकतो, ही व्यवस्था मात्र तशीच ठेवली गेली. जोन्स आणि सेमलर यांना पाळकपदाची दीक्षा अजून मिळालेली नव्हती. राबाईत येऊन त्यांना सतरा वर्षं झाली होती.

ती दीक्षा मिळाली मे १८८५ मध्ये. पूर्व विषुववृत्तीय आफ्रिकेचे पहिले बिशप जेम्स हॅनिंग्टन यांनी दोघांना डीकन केलं. त्या भागात दीक्षा मिळालेले हे पहिले आफ्रिकी. दोघेही नाशिकचे. जुलैत हॅनिंग्टन बुगांडाला निघाले आणि त्यांनी सोबत जोन्सना घेतलं. बिशप उतावीळ होते. मसाईंच्या मुलखातून जाणारी नवी वाट त्यांनी धरली. कावीरोंडोला पोचल्यावर दोनशेंहून जास्त हमालांच्या तांड्यातले पन्नास घेऊन ते पुढे गेले. उरलेले सुमारे दीडशे जोन्सच्या हाती सोपवले. बुगांडाचा राजा म्वांगा पूर्वेकडून येणाऱ्या परक्यांना शत्रू समजत होता. ऑक्टोबरच्या शेवटी बुसोगात हॅनिंग्टन आणि त्यांचे बहुतेक सगळे हमाल मारले गेले. चार जण निसटून जोन्सकडे पोचले.

जोन्सनी तिथं आणखी काही आठवडे वाट पाहिली. कदाचित बातमी खोटी असेल, कदाचित आणखी कोणी जिवंत येईल. कोणी आलं नाही. मग डिसेंबरात त्यांनी दीडशे माणसांचा तांडा उलट फिरवला. ओळखीची वाट नव्हती, खायला पुरेसं नव्हतं आणि मसाईंचा मुलूख पुन्हा ओलांडायचा होता. फेब्रुवारी १८८६ मध्ये हा तांडा राबाईला शिरला तेव्हा पुढे एक निळं निशाण होतं आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द होता: इखाबोद. बायबलातल्या पहिल्या शमुवेलाच्या पुस्तकातलं हे नाव. देवाचा कोश शत्रूच्या हाती पडला त्या दिवशी जन्मलेल्या मुलाचं. ‘वैभव गेलं’ असा त्याचा भाव. ते निशाण दिसताच राबाईच्या लोकांना न सांगता कळलं.

हॅनिंग्टन यांचं चरित्र लगेच लिहिलं गेलं आणि इंग्लंडात घरोघरी वाचलं गेलं. त्यात जोन्सच्या परतीला जागा मिळाली आहे, पण ती बिशपच्या बलिदानाच्या शेवटच्या पानांपुरती. मला हे बरोबर वाटत नाही. हॅनिंग्टन शूर होते हे मान्यच आहे. पण घाईत पुढे गेलेला पुढारी जवळजवळ पन्नास माणसं गमावतो आणि मागे राहिलेला शरणपूरचा विद्यार्थी दीडशे माणसं जिवंत घरी आणतो, तर मोठेपण कशात मोजायचं, हे इतिहासकारानं एकदा तरी ठरवायला हवं.

आता तिसरी भेट. तिच्याविषयी प्राइस यांनी स्वतः पुस्तक लिहिलं: ‘माय थर्ड कॅम्पेन इन ईस्ट आफ्रिका’, १८९०. रोजनिशीच्या अंगानं लिहिलेलं. १८८८ मध्ये सोसायटीनं त्यांना पुन्हा किनाऱ्यावर पाठवलं, तेव्हा ते म्हातारपणाकडे झुकले होते. परिस्थिती वेगळीच होती. किनारा अजून सुलतानाचा. गुलामांचा व्यापार बंद, पण गुलाम बाळगणं कायदेशीर. आफ्रिकी किनाऱ्यावर धंदा आणि राज्य दोन्ही करायला निघालेली ब्रिटिश कंपनी जॉर्ज मॅकेंझी यांच्या हाताखाली त्याच शरदात मोंबासात उतरली होती. आणि मोंबासाचे अरब आणि स्वाहिली मालक खवळले होते. त्यांचं म्हणणं, आमचे पळालेले गुलाम मिशनच्या गावांत लपले आहेत. ते परत करा, नाहीतर आम्ही चालून येतो.

मिशननं अधिकृतपणे नेहमी सांगितलं होतं की पळालेल्यांना आम्ही थारा देत नाही. वकिलातीची तशी सक्त ताकीद होती. प्राइस यांचाही त्यावर भरवसा होता. मग राबाईत चौकशी झाली, नावं लिहून घेतली गेली, आणि राबाईच्या वस्तीतली शेकड्यांनी माणसं पळालेले गुलाम निघाली. तिथली सूत्रं विल्यम जोन्सच्या हाती होती. वर्षानुवर्षं माणसं रात्री-अपरात्री मळे सोडून राबाईच्या टेकाडावर येत होती. झोपडी बांधत होती, शेत कसत होती, रविवारी उपासनेला बसत होती. जोन्सनी त्यांना हाकललं नव्हतं.

प्राइस यांना मोठा धक्का बसला. एका बाजूला वकिलातीला आणि मालकांना दिलेला शब्द, दुसऱ्या बाजूला ही माणसं. गावावर हल्ला झाला असता तर वसाहतच जळाली असती. त्यांची अडचण खरी होती, ती मी कमी लेखत नाही. पण जोन्स कोण होते ते विसरून चालत नाही. ते स्वतः लहानपणी पकडले गेले होते, गलबतात कोंबले गेले होते. त्यांच्यासाठी कोणीतरी दार उघडलं म्हणून ते जगले. नाशिकच्या पश्चिमेला प्राइस यांनी ज्या विचारानं गाव वसवलं, तो विचार राबाईत जोन्सनी तंतोतंत अमलात आणला होता, वकिलातीची परवानगी न घेता. शिष्यानं गुरूचा धडा गुरूपेक्षा जास्त मनावर घेतला होता.

तोडगा मॅकेंझी यांनी काढला. मालकांना भरपाई देऊन सगळ्यांनाच एकगठ्ठा मोकळं करायचं. कंपनीला मोंबासात शांतता हवी होती, त्यामुळे या औदार्यात हिशेब होता, पण परिणाम खरा होता. १ जानेवारी १८८९ ला राबाईत माणसं जमली. चौदाशेहून अधिक जणांना मुक्तीचे कागद मिळाले. प्राइस त्या वेळी तिथंच होते. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर एका दिवशी इतकी माणसं कायद्यानं मोकळी होण्याचा हा प्रसंग आणि त्यामागे नाशिकला शिकलेल्या एका माणसाचा शांत हट्ट होता. समारंभाचं श्रेय कंपनीला आणि मिशनला मिळालं. जोन्सनी आधी दार उघडं ठेवलं नसतं, तर कागद देण्यासाठी तिथं माणसंच जमली नसती.

पुढे काय झालं ते एकेका ओळीत सांगता येतं. जॉर्ज डेव्हिड हा दिवस पाहायला नव्हते, ते १८८४ मध्ये वारले. जेकब वेनराइट फ्रिअरटाउनला रमले नाहीत. ते पुन्हा आतल्या मुलखात गेले आणि १८९२ मध्ये आजच्या टांझानियातल्या उरांबो इथं गेले. चुमा त्याआधीच, १८८२ मध्ये झांझिबारला. मॅथ्यू वेलिंग्टन सर्वांत जास्त जगले. मोंबासात त्यांना म्हातारपणी लोक मुद्दाम भेटायला येत. लिव्हिंगस्टनचा देह वाहून आणणाऱ्यांतले शेवटचे साक्षीदार म्हणून त्यांच्यावर छोटं पुस्तकही निघालं. ते १९३५ मध्ये गेले. त्याच्या आदल्या वर्षी फ्रिअरटाउनच्या वंशजांपैकी जेम्स म्बोटेला यांनी ‘उहुरु वा वाटुम्वा’ हे स्वाहिली पुस्तक छापलं. सुटलेल्या गुलामांची कथा त्यांच्याच वस्तीतल्या माणसानं, त्यांच्याच भाषेत सांगितली. २००७ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीनं ‘बॉम्बे आफ्रिकन्स’ या नावानं प्रदर्शनही भरवलं.

केनियात, इंग्लंडात आणि स्कॉटलंडमध्ये या माणसांच्या कागदपत्रांवर काम चालू आहे. नाशिकच्या बाजूचं काम आपल्याला करावं लागेल. शरणपूरच्या मराठी मंडळीतली घरं या मुलांची शेजारी होती, वर्गमित्र होती, काहींची साक्षीदारही असतील. त्या घरांच्या पेट्यांत जुनी बायबलं, बाप्तिस्म्याच्या किंवा लग्नाच्या नोंदी, पत्रं, छायाचित्रं असतील, तर ती रद्दीत जाऊ देऊ नका. त्यांची स्वच्छ छायाचित्रं काढा, मागे नावं आणि सालं लिहा आणि नाशिकच्या एखाद्या वाचनालयात किंवा इतिहास अभ्यासकाकडे त्यांची एक प्रत पोचवा. आणि ज्यांना इंग्रजी वाचता येतं अशा नाशिकच्या तरुणांनी जेकब वेनराइट यांची रोजनिशी मराठीत आणावी. ती लांब नाही, आणि ती आपल्याच गावच्या विद्यार्थ्यानं लिहिली आहे.